कांदा बीजोत्पादन : गोंडे फुलले, आता पंपाला हात लावू नका

प्रश्न : कांदा बियाण्याचे गोंडे (फुलांचे गुच्छ) फुललेत, पण मधमाश्या फिरकत नाहीत. दुकानदार फुलकिड्यांसाठी (रस शोषणारी बारीक कीड) औषध देतोय, वर माश्या ओढणारी बाटलीही घ्या म्हणतोय. अनुदानावर मधमाश्यांच्या पेट्या घ्याव्यात का?

उत्तर : फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचे नाही. फिप्रोनिल नको, इमिडाक्लोप्रिड नको, प्रोफेनोफॉस नको. ‘अर्ध्या मात्रेत मारा, काही होत नाही’ असे दुकानात सांगतील. होते! एका पंपात दोन-तीन औषधे मिसळून मारलेल्या प्लॉटमध्ये सकाळी सरीत माश्यांचा सडा पडतो. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलायच्या आधी, लेबलवरच्या मात्रेत. उमलल्यावर नाही.

कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरूनच यावा लागतो आणि तो आणते माशी. ती नसेल तर गोंडा उभा छान दिसतो, तळहातावर चोळला की निम्मा भुसा. एकीकडे विष मारून दुसरीकडे माश्या ओढणारी बाटली ओतणे म्हणजे दोनदा पैसे घालवणे.

आता पेट्यांचा हिशोब. आग्या, सातेरी, फुलोरी या माश्या आजवर फुकट राबत होत्या. आपण बांधावरची करंज, बोर, निरगुडी तोडली, उरलेल्यावर तणनाशक मारले आणि आता भाड्याने पेट्या आणतो. गोंडे फुलतात महिनाभर, माशीला खायला लागते वर्षभर. बांध राखणाऱ्याची जागा अडते, फायदा मात्र अख्ख्या शिवाराला होतो, म्हणून एकटा कोणी राखत नाही. पेटीला अनुदान आहे, रानफुलांसाठी सोडलेल्या बांधाला रुपयाही नाही. माझ्या मते आधी बांधाला पैसे मिळायला हवेत. तोवर चार शेजारी मिळून बांध राखा, जाळू नका. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ती झाडे आणि आग्या पोळ्यांच्या जागा लिहून घ्या.

पेट्या हव्याच असतील तर खादी व ग्रामोद्योग मंडळाची मध केंद्र योजना आहे : ५० टक्के अनुदान, ५० टक्के स्वतःचे, प्रशिक्षण सक्तीचे. या हंगामापुरत्या मात्र भाड्याने आणा. साधारण दहा टक्के फुले उमलल्यावरच ठेवा, आधी ठेवल्या तर माश्या दुसरीकडे वळतात. जवळ पाणी हवे. शेजारच्या रानात फवारणी ठरली असेल तर पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवा आणि शेजाऱ्याला सूर्यास्तानंतरच फवारायला सांगा.