ब्लँकेटं वाटून झाली, आता पुढे काय?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मंडळीचा तरुण संघ दर नाताळात स्टेशनबाहेरच्या लोकांना ब्लँकेटं वाटतो, पण त्यातून ख्रिस्ताची प्रीती खरंच पोचते का, आणि पोचत नसेल तर गरजूंसाठी नेमकं काय करावं.

ब्लँकेट वाटण्यात वाईट काहीच नाही, डिसेंबरात थंडी असतेच. फक्त बॅनर धरून फोटो काढू नका, एवढं आधी सांगतो. घेणाऱ्याची मान त्या फोटोत कायम खाली असते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण शब्बाथ शाळेपासून ऐकतो. जखमांवर तेल नि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लूकच्या 10 व्या अध्यायात पुढेही आहे. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेवाल्याला पैसे देतो, याची काळजी घे म्हणतो, आणि वर खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन असं कबूल करतो. मला विचाराल तर सगळं याच्यात आलं. पन्नास जणांकडे एकदा जाण्यापेक्षा दोन घरी वर्षभर जा.

आता कुठे जायचं? सरकारी रुग्णालयाच्या आवारात जा. आमच्या मंडळीतले आम्ही काही जण शनिवारी दुपारी जातो. खेड्यातून आलेले नातेवाईक व्हरांड्यात चटई टाकून बसलेले असतात, पिशवीत एक्स-रे नि फायली, उशाला भाकरीचं गाठोडं. त्यांना खाऊपिऊ घालणारे बरेच येतात. कमी असतात ते कागद वाचून दाखवणारे.

मागे एक मावशी भेटल्या. मुलाच्या पायाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि रेशनकार्डावर त्याचं नावच नव्हतं. लग्नानंतर वेगळा झाला तेव्हा कमी केलं, पुढे नव्या कार्डाचं राहूनच गेलं. आमच्यातले एक काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते शेजारी बसले, चष्मा लावून एकेक कागद उलटा करून मागचे शिक्केसुद्धा बघायला लागले. मावशी जरा सरकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, तुमचं किती द्यावं लागंल?" त्यांना आम्ही एजंट वाटलो. त्यांचं तरी काय चुकलं? तोवर कागदाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने पैसेच मागितले असणार. काकांनी तहसीलमध्ये कोणता अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि सोमवारी स्वतः सोबत गेले. या सगळ्यात येशूचं नाव कोणी घेतलं नाही.

यासाठी थोडा अभ्यास लागतो. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे विचारायचं. मोठी खाजगी रुग्णालयं पुष्कळदा ट्रस्टची असतात. धर्मादाय म्हणून नोंद असलेल्या अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. गावाकडच्या माणसाला हे माहीतच नसतं, आणि काउंटरवरून आपण होऊन कोणी सांगत नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याशी ओळख ठेवा. रोख पैसे शक्यतो हातात देऊ नका. औषधाचं बिल मेडिकलमध्ये जाऊन भरा. आणि कोणाला काय दिलं ते रविवारी उपासनेत सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर कोणी केलं असेल तर पंडिता रमाबाईंनी. 1870 च्या दशकात त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली, विधवा यांना घेऊन आल्या. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात अशा शेकडो जणी राहिल्या. नुसतं अन्नछत्र उघडलं असतं तरी लोकांनी नाव काढलं असतं. बाईंनी तिथे शेती सुरू केली, हातमाग बसवले, छापखाना घातला. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी स्वतः केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. ज्या मुलीला गावाने ओझं म्हणून टाकलं, तिच्या हाताला काम आणि पोटाला स्वतःची भाकरी. तुमच्या ब्लँकेटांच्या बजेटमधून एखाद्या बाईला जुनं शिलाई मशीन मिळत असेल तर मी डोळे मिटून मशीन घेईन. तिला शिवता येतं का, हे मात्र आधी विचारा!

रमाबाईंचं नाव काढलं की धर्मांतराचा वाद येतोच, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1893 मध्ये शारदा सदनातल्या, म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या विधवांच्या शाळेतल्या, काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कोणाला बोलावलं नाही, दार बंद केलं नाही एवढंच. मला त्यांचा प्रामाणिकपणा पटतो, पण टीकाकारांची शंकाही पटते. ज्याची जेवणाची ताटली आपल्या हातात आहे, त्याच्या होकाराला तितकासा अर्थ नसतो. म्हणून आम्ही रुग्णालयात पत्रकं नेत नाही. कोणी विचारलं की तुम्ही हे का करता, तर एका वाक्यात सांगतो. प्रार्थना करा असं त्यांनीच म्हटलं तर करतो, हळू आवाजात, नाहीतर नाही. काही भाविकांना हे अर्धवट वाटतं. वाटो.

तुमच्या संघाला लगेच जमेल असं एक काम म्हणजे रक्तदात्यांची यादी. नाव, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी केलं. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, त्याप्रमाणे पाळ्या लावा आणि यादी रक्तपेढीत देऊन ठेवा. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी, शिबिरं होत नाहीत आणि रक्ताचा तुटवडा नेमका तेव्हाच पडतो. यादी एप्रिलच्या आत झाली तर बघा.