हप्ता कुठून येणार, ते आधी बघा
वाचकांचे प्रश्न : पैसा आणि व्यवहार

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. लहान उद्योजकांना ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून कर्ज देण्यासाठी दहा हजार रुपये बाजूला काढले आहेत. समोर तीन अर्ज आहेत : येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या ताई, सुरगाण्यात शेळ्या घेऊ पाहणारं कुटुंब आणि पंचवटीत सिंहस्थासाठी नाश्त्याची गाडी टाकणाऱ्या एक बाई. तिन्ही गरजू वाटतात. कोणाला द्यावं?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : गरज तिघांचीही खरी असेल, पण नुसत्या गरजेवरून निवड करू नका. ज्याच्या धंद्यात पैसा ज्या महिन्यात येतो, त्याच महिन्यात हप्ता असेल, त्याचं कर्ज फिटतं. ते जुळत नसेल तर प्रामाणिक माणूसही सावकाराकडून उचलून तुमचा हप्ता भरतो. मग मदतीच्या नावाखाली आपण त्याच्या डोक्यावर आणखी एक कर्ज ठेवलेलं असतं.

पैठणीच्या अर्जात रेशीम आणि जरीचा धागा कोणाचा, हे पहिल्यांदा शोधा. व्यापारी माल देत असेल तर विणकराला मजुरी मिळते, आणि मग भांडवलाला कर्ज कशासाठी, हा प्रश्न उरतो. माल स्वतःचा असेल तर साडी मागावरून उतरून विकली जाईपर्यंत पैसा अडकतो. साध्या पदराची साडी काही आठवड्यांत होते, भरजरी पदराला महिने लागतात. घरात एकच माग आणि त्यावर भारी साडी असेल, तर पहिल्याच महिन्यापासूनचा हप्ता तिला झेपणार नाही. दोन माग असतील, एकावर साध्या साड्या चालू असतील आणि ठरलेलं गिऱ्हाईक असेल, तर अर्ज चांगला.

शेळीपालनात खरी अडचण पहिल्या वर्षाची असते. शेळी पाच महिन्यांनी विते, त्यानंतर करडं विकण्याजोगी व्हायला आणखी किमान सहा-आठ महिने. म्हणजे सुरुवातीचे हप्ते शेळ्यांतून नाही, मजुरीतून जाणार. सुरगाणा-पेठकडची अनेक कुटुंबं द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरी-निफाडला उतरतात. त्या काळात शेळ्या कोण सांभाळणार, हे अर्जात लिहिलेलं असावं. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या जीवघेण्या रोगांची लस टोचली आहे का, विमा काढला आहे का, तेही बघा. पावसाळ्याच्या तोंडावर लस राहून गेली तर कळपच्या कळप जातो. परतफेड बकरी ईदच्या आसपास, बोकडांना भाव असताना एकरकमी ठेवलेली असेल, तर अर्ज लिहिणाऱ्याला धंदा कळतो असं समजा.

गाडीवर रोजची आवक असते, म्हणून हप्त्याच्या दृष्टीने ही तिघांत सोपी. फक्त कर्जाची मुदत २०२७च्या पर्वाच्या पुढे जात असेल, तर गर्दी ओसरल्यावर धंदा कसा चालणार ते विचारा. रामकुंडाकडचे रस्ते पर्वणीला बंद होतात, त्यामुळे गर्दी म्हणजे विक्री असं धरू नका. जागेची परवानगी आणि महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र आहे का? असेल तर त्यांना फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेतून कर्ज मिळू शकतं, आणि वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदानही. स्वस्त पैसा हाताशी असताना महाग पैसा घेऊ नये, हे त्यांना कळवायला हरकत नाही.

तिन्ही अर्जांत एक बेरीज मात्र करा. समजा घराची महिन्याची कमाई १८,००० आहे, बचत गट आणि इतर कर्जांचे हप्ते ६,२०० जातात आणि नवा हप्ता २,७५० आहे. एकूण ८,९५०. मायक्रोफायनान्स (कमी उत्पन्नाच्या घरांना विनातारण दिलेल्या) कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये घातलेली मर्यादा कमाईच्या निम्म्याची आहे, म्हणजे हे कसंबसं नियमात बसतं. पण एखादं आजारपण आलं की तोंडमिळवणी अशक्य. आमच्या मते एक तृतीयांशाच्या वर गेलेला अर्ज सोडून द्यावा. ‘व्यवसायवाढीसाठी’ एवढंच कारण लिहिलेला अर्जही. शिवणकामाच्या अर्जात ‘एक ओव्हरलॉक मशीन, एक पिको-फॉल मशीन’ असं किमतीसकट लिहिणाऱ्याने दुकानात जाऊन चौकशी केलेली असते.

प्रश्न : दहा हजार एकालाच द्यावेत की वाटून? व्याज १० टक्के दाखवतात.
— सिडको

उत्तर : वाटून, आणि वेगवेगळ्या धंद्यांत वाटून. दहा जणांना हजार-हजार दिले पण दहाही निफाडचे द्राक्षवाले निघाले, तर एका गारपिटीत सगळे अडकतील.

कमाईचा हिशोबही नीट समजून घ्या. दरमहा हप्त्याने एका वर्षात फिटणाऱ्या १,००० रुपयांवर, शिल्लक रकमेवर १० टक्क्यांनी, साधारण ५५ रुपयेच व्याज मिळतं, कारण मुद्दल दर महिन्याला परत येत जातं. एक कर्ज पहिल्यापासून बुडालं तर ते भरून काढायला १९ कर्जं वेळेवर फिटावी लागतात. म्हणून हा पैसा ठेव मोडून देऊ नका. मिळालेलं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यावर कर लागतो.

उलट बाजूही बघा. कर्जदाराला व्याज ‘फ्लॅट’, म्हणजे वर्षभर पूर्ण मूळ रकमेवर, लावलेलं असेल तर ३०,००० वर वर्षाचे ३,००० होतात, हप्ता २,७५०. ऐकायला १० टक्के, प्रत्यक्षात सुमारे १८. एवढं व्याज घेणाऱ्याकडून ‘मदत’ होत नाही.

प्रश्न : प्लॅटफॉर्म खरा आहे हे कसं ओळखावं?
— नाशिकरोड

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर एनबीएफसी-पीटूपी (व्यक्तींकडून व्यक्तींना कर्ज जुळवून देणाऱ्या बिगर-बँक) कंपन्यांची यादी आहे, त्यात नाव शोधा. पैसे एस्क्रो (विश्वस्ताच्या देखरेखीखालच्या) खात्यातूनच जायला हवेत, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही. एका कर्जदाराला तुम्ही सगळे प्लॅटफॉर्म मिळून ५०,००० पर्यंतच देऊ शकता, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. प्रत्येक कर्जदाराला तुमची मंजुरी लागते. ‘ठरलेला परतावा’, ‘हवे तेव्हा पैसे काढा’ असं सांगणाऱ्यापासून दूर राहा. प्लॅटफॉर्मला हमी देता येत नाही, आणि ऑगस्ट २०२४मध्ये हे नियम आणखी कडक झाले आहेत. थकबाकीचे आकडे त्यांना संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते सापडत नसतील तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : मुलगी अमेरिकेतून ‘किवा’ या जगभरच्या गरजूंना लहान कर्ज देणाऱ्या संकेतस्थळावर २५ डॉलर देते, व्याज घेत नाही. म्हणजे त्या गरिबाला बिनव्याजी कर्ज मिळतं ना?
— इंदिरानगर

उत्तर : बहुतेक वेळा नाही. २००५पासून चालणाऱ्या या व्यवस्थेत देणाऱ्याला व्याज मिळत नाही, पण कर्जदाराच्या देशातली स्थानिक संस्था त्याच्याकडून सहसा व्याज घेते. तिला गावोगाव माणसं पाठवून वसुली करायची असते. शिवाय अनेकदा संकेतस्थळावर कर्जदाराचा फोटो झळकण्याआधीच कर्ज दिलेलं असतं. म्हणून मुलीला फोटोपेक्षा संस्था निवडायला सांगा : कर्जदाराला पडणारा खर्च, थकबाकी आणि जोखमीचं मानांकन त्या पानावर दिलेलं असतं.

प्रश्न : एका कांदा उत्पादकाचा हप्ता मे महिन्यात चुकला. फोन करू का?
— पिंपळगाव बसवंत

उत्तर : करू नका. वसुली प्लॅटफॉर्मचं काम आहे, आणि कर्ज देणाऱ्या दहा जणांचे दहा फोन गेले तर तो माणूस कोसळेल. प्लॅटफॉर्मला लेखी विचारा : कांदा चाळीत (साठवणुकीच्या शेडमध्ये) आहे का, आणि हप्ते पुढे ढकलता येतील का? उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चांगल्या भावासाठी ऑक्टोबरपर्यंतही ठेवला जातो. हप्त्यासाठी मे महिन्यात लासलगावला पडत्या भावाने विकायला लावलं तर त्याचंही नुकसान, पुढच्या हप्त्यांचंही. मात्र चाळीत कांदा सडतो, वजन घटतं, कोंब येतात. तेव्हा मुदतवाढ मागताना माल किती शिल्लक आहे याचा ताजा फोटोही मागवायला सांगा.