स्पर्धेआधी पोकेमॉनचा डेक असा आवळून घे

हे बघ भाऊ, शेवटच्या आठवड्यात पोकेमॉनच्या पत्त्यांचा नवा डेक, म्हणजे खेळायची गड्डी, बांधू नको, आहे त्याचीच काटछाट कर. ६० पत्त्यांत बेसिक पोकेमॉन (ज्यांच्याशिवाय डाव सुरूच होत नाही) फक्त ८ असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत एकही न येण्याची शक्यता जवळपास ३५ टक्के. मग हात परत पिसायचा आणि समोरच्याला फुकटचा जादा पत्ता! बेसिक १२ केले की हेच प्रमाण १९ टक्क्यांवर येतं. एखाद्या पत्त्याच्या चारही प्रती ठेवल्या तरी सुरुवातीच्या हातात तो ४० टक्केच वेळा दिसतो, म्हणून शोधून आणणारे पत्ते कापू नको. एकुलती एक प्रत साधारण दहातून एकदा प्राइझमध्ये, म्हणजे सुरुवातीला पालथ्या बाजूला ठेवलेल्या सहा पत्त्यांत, अडकते. जिच्याशिवाय डाव जिंकताच येत नाही, तिच्या दोन ठेव.

आपल्या नागपुरात पावसाळ्यात फॉइल (चकचकीत थराचे) पत्ते वाकतात. गड्डी टेबलावर ठेवून बाजूने बघ. फॉइलपाशी फट दिसली, तर जज (स्पर्धेचा पंच) तो खुणेचा, म्हणजे न बघताच ओळखू येणारा, पत्ता धरू शकतो. त्याजागी साधी प्रत घाल आणि सगळे स्लीव्ह (पत्त्यांची प्लास्टिकची कव्हरं) एकाच नव्या पाकिटातले लाव.

स्पर्धेत द्यायच्या डेकच्या यादीत पोकेमॉनच्या नावासोबत संच आणि क्रमांकही लिही. एकाच नावाचे वेगवेगळे पत्ते असतात.