वाचकांचे प्रश्न: वास गेला म्हणजे गॅस गेला का?

प्रश्न: सर, मी एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लँटवर) नवीनच लागलोय. सीनियर सांगतात, सँपचं (सांडपाणी साचतं त्या खोल टाकीचं) झाकण उघडून दहा मिनिटं थांबायचं, वास कमी झाला की खाली उतरून पंपात अडकलेला कचरा काढायचा. असं केलं तर चालतं का?

नाही, अजिबात नाही. आलेल्या प्रश्नांमध्ये हा शेवटून दुसरा होता, पण मी तो सगळ्यात वर घेतलाय कारण बाकीची उत्तरं उशिरा वाचली तरी चालतील.

सांडपाणी साचून राहिलं आणि त्यातला ऑक्सिजन संपला की जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच तो सडक्या अंड्याचा वास. हवेत गॅस १ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत एक भाग) कमी असला तरी वास नाकाला कळतो, पण गॅस १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. म्हणजे गॅस वाढतोय आणि वास मात्र गायब, आणि तुमचे सीनियर नेमकं त्याच वेळी उतरायला सांगतायत. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड आहे, तळाशी बसून राहतो, नुसतं झाकण उघडल्याने जात नाही.

एकदा आम्ही गॅस मोजायचा मीटर दोरीला बांधून सँपमध्ये सोडला होता. वर ऑक्सिजन २०.९ टक्के, सल्फाइड शून्य, मध्यावर ४, आणि तळाला टेकायच्या आधीच तो किंचाळायला लागला. वर ओढून बघितलं तर पीक, म्हणजे सगळ्यात जास्त आकडा, ८६ पीपीएम. झाकणापाशी आम्ही चौघं उभे होतो, वास इतका फिका की कोणीच त्याबद्दल बोललं नव्हतं. तेव्हापासून मी नाकावर विश्वास ठेवलेला नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा की उतरायची गरज आहे का. सबमर्सिबल (पाण्यात बुडलेला) पंप गाईड रेलवर, म्हणजे वर-खाली सरकायच्या दांड्यांवर असेल तर चेनने वर घ्या आणि वरच साफ करा, बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं. उतरणं टळतच नसेल तर परमिट (लेखी परवानगी), पॅनलवर पंपाचा सप्लाय बंद करून स्वतःचं कुलूप आणि टॅग, ब्लोअरने ताजी हवा, मग मीटरने वर, मध्ये आणि तळाशी तपासणी. आधी ऑक्सिजन (१९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही), मग ज्वलनशील गॅस, मग विषारी. आत असेपर्यंत मीटर अंगावर चालूच ठेवायचा, कारण गाळात पाय पडला, तो ढवळला गेला की त्यात अडकलेला गॅस एकदम सुटतो आणि दोन मिनिटांपूर्वीचं शून्य काही उपयोगाचं राहत नाही. अंगात हार्नेस (सुरक्षा पट्टा), वर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळून माणूस वर ओढायचं यंत्र), आणि एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, त्याने जागा सोडायची नाही, फोनवर बोलायचं नाही.

आणि खाली कोणी पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. हे ऐकायला फार कठोर वाटतं, आपलाच माणूस डोळ्यासमोर पडलेला असतो. पण अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेने १९८६ मध्येच नोंदवलंय की अशा बंदिस्त जागांमधल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेल्यांचे होते. विंचने ओढा, मदत बोलवा, आत जायचंच तर श्वासासाठी स्वतंत्र हवेचा संच असलेल्या आणि ट्रेनिंग घेतलेल्या माणसानेच जायचं. कापडी मास्कचा इथे काहीच उपयोग नाही.

प्रश्न: आमच्या क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवायच्या टाकीतून) गाळ पाण्याबरोबर बाहेर जातोय. सिलिंडर टेस्टमध्ये (एक लिटरच्या मोजपात्रात गाळ बसू देऊन) ३० मिनिटांनी ७०० मिली येतं, एमएलएसएस (टँकमधल्या पाण्यातला गाळ) २८०० मिग्रॅ/लिटर. गाळ जास्त झालाय म्हणून काढून टाकायचा का?

थांबा, आधी भागाकार करा. ७०० ला १००० ने गुणून २८०० ने भागलं की एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो तो आकडा) २५० येतो. साधारण ८० ते १५० असेल तर गाळ नीट बसतो, तुमचा फुगलेला आहे. म्हणजे गाळ जास्त झालेला नाही, तो हलका झालाय, बहुतेक वेळा धाग्यासारखे जिवाणू वाढल्यामुळे. सिलिंडरकडे शेवटीच एकदा बघू नका, पहिली पाच मिनिटं बघत उभे रहा, फुगलेला गाळ अगदी सावकाश सरकतो आणि वरचं पाणी मात्र स्वच्छ दिसतं. मायक्रोस्कोप मिळाला तर त्याखाली धागे सरळ दिसतील.

मग कारण शोधा: एअरेशन टँकमध्ये (जिथे पाण्यात हवा सोडतात) डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, किती आहे (२ मिग्रॅ/लिटरच्या आसपास हवा, फक्त ब्लोअरजवळ नाही, टँकच्या कोपऱ्यातही मोजा), येणारं पाणी आधीच कुजलेलं आहे का, तेल जास्त येतंय का, नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडतोय का. घाईघाईत भरपूर गाळ काढून टाकलात तर काम करणारे जिवाणूच जातील. जे काही बदलाल ते थोडं थोडं बदला आणि चार-पाच दिवस वाट बघा, जिवाणूंना वेळ लागतो.

आणि ३० मिनिटं छान बसलेला गाळ तासा-दोन तासांनी बुडबुड्यांसकट गोळ्यागोळ्याने वर येत असेल तर तो वेगळा प्रकार, तिथे नायट्रेटपासून नायट्रोजन वायू सुटतोय. गाळ क्लॅरिफायरमध्ये जास्त वेळ पडून राहतोय, रिटर्न स्लजचा (बसलेला गाळ परत एअरेशन टँकमध्ये नेणारा) पंप बघा.

प्रश्न: मला उत्तम पोहता येतं, तरी टँकवर लाईफ जॅकेटची सक्ती का?

कारण एअरेशन चालू असताना ते नेहमीचं पाणी राहत नाही. हवेच्या बुडबुड्यांमुळे त्याची घनता कमी होते, अंगाला उचलून धरत नाही, शिवाय पाण्याचा प्रवाह खाली खेचतो. रेलिंग तुटलेलं असेल तर आजच लिहून द्या, आणि लाईफ बॉय (बुडणाऱ्याला फेकायची तरंगती रिंग) दोरीसकट हाताशी हवा, ऑफिसच्या कपाटात नको.

प्रश्न: हायपो (जंतू मारायला वापरतो ते सोडियम हायपोक्लोराइट) संपलं होतं, मदतनीसाने त्याच ड्रममध्ये ॲसिड भरायला घेतलं. मी ओरडलो, तो नाराज झाला.

बरं झालं ओरडलात. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, ड्रमच्या तळाशी उरलेलं थोडंसं हायपोसुद्धा पुरतं. आता शांतपणे जवळ बसवून त्याला कारण सांगा, ड्रम, नळ्या, फनेल सगळं वेगळं करा आणि मोठ्या अक्षरात नावं लिहा.

प्रश्न: माझे मिस्टर प्लँटवर ऑपरेटर आहेत. त्यांचे कपडे घरच्या कपड्यांत धुतले तर चालतील का? घरात लहान बाळ आहे.

ताई, वेगळे धुवा, गरम पाण्यात. त्याहून चांगलं म्हणजे युनिफॉर्म आणि बूट प्लँटवरच राहू देत, त्यांनी आंघोळ करून दुसरे कपडे घालून घरी यावं, मगच बाळाला घ्यावं. डबा खायच्या, चहाच्या आधी साबणाने हात, नखांसकट. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिसच्या लसी झाल्यात का ते डॉक्टरांना विचारून घ्या. अजून एक, त्यांना कधी ताप आला, पोटऱ्या खूप दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आधी सांगा की हे सांडपाण्यात काम करतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो, आणि कामाचं कोणी सांगितलंच नाही तर डॉक्टरांच्या तो पटकन लक्षात येत नाही.