रात्री साडेअकराचे दोन मिस्ड कॉल

"मैत्रिणीने दोन लाख घेतले, परत केले नाहीत. दोन वर्षं बोलणं बंद आहे. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी गॉडमदर (धर्ममाता) होते. आता मुलीच्या दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा चर्चचा संस्कार) तिने दुसरीच गॉडमदर ठरवली आहे. मग माझं नातं संपलं का?" – एक वाचक, वसई

ताई,

चार पानी पत्रातली साडेतीन पानं पैशांची. शेवटी, जाता जाता, एक ओळ: 'मध्ये रात्री साडेअकराला पोरीचे दोन मिस्ड कॉल होते, आईनेच करायला लावले असतील म्हणून मी परत फोन केला नाही.'

रात्री साडेअकराला? पैसे चुकवणारी बाई 14 वर्षांच्या पोरीला जागं ठेवून धनकोलाच फोन लावायला सांगेल, तोही दोनदा? काहीतरीच! फोन तिने आपणहून केला होता. कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत.

तुमचा प्रश्न आधी मिटवते. दृढीकरणालाही बाप्तिस्म्याचीच गॉडमदर असणं बरं, असं कॅथलिक चर्चची 1983 ची धर्मसंहिता म्हणते. सक्ती करत नाही. दुसरी आली म्हणून तुम्ही रद्द होत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तुमचं नाव आहे. त्या दिवशी फादरांनी विचारलं होतं, या बाळाच्या आईवडिलांना त्यांच्या कर्तव्यात मदत कराल ना? तुम्ही 'हो' म्हणालात. (तेव्हा उधारी नव्हती.) आणि आईला किंवा बापाला आपल्याच लेकराचं गॉडपेरेंट होता येत नाही, हाही चर्चचाच नियम. आईबापांखेरीज एक मोठं माणूस हवं. मला तर वाटतं, ते असल्याच रात्रींसाठी हवं. सोन्याची साखळी नि नाताळचा केक पोचवला की झालं, असं समजणाऱ्या गॉडमदर मी पुष्कळ पाहिल्यात.

पैसे? वसूल करा, हवी तर नोटीस पाठवा. त्यातला एक रुपयाही पोरीने घेतलेला नाही.

आज संध्याकाळी, तिचा क्लास सुटला की फोन लावा. 'त्या रात्री उचलला नाही, चुकलं माझं,' एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती लगेच बोलणार नाही कदाचित. उद्या पुन्हा लावा. आईची उणीदुणी काढायची नाहीत. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्दही द्यायचा नाही, कारण काही गंभीर निघालं तर बहुधा तुम्हाला त्याच रात्री तिच्या आईला फोन करावा लागेल. दोन लाखांचा विषय न काढता.