बी आत्या का दिसत नाही?

प्रश्न : ताई, मी वाईचा. जेवणं झाली की मी न पप्पा रोज फोनवर 'द अँडी ग्रिफिथ शो'चे जुने ब्लॅक अँड व्हाइट एपिसोड बघतो. पप्पांना इंग्लिश निम्मंच कळतं, पण शेरीफ अँडीच्या हाताखालचा बार्नी शर्टाच्या खिशातनं ती बंदुकीची एकुलती एक गोळी काढायला लागला की हसून हसून त्यांना ठसका लागतो. आता कळलं की १९८६ ला सगळे परत जमले होते, 'रिटर्न टू मेबेरी' नावाचा टीव्ही पिक्चर केला होता. बघू का? सगळे म्हातारे झालेले बघून पप्पांना वाईट वाटेल असं वाटतं. आणि त्यात अँडीची बी आत्या नाही म्हणे, का?

उत्तर : अरे बघच, आणि पप्पांना घेऊनच बघ. मालिका १९६० ते १९६८ चालली, २४९ एपिसोड झाले आणि बंद झाली तेव्हा ती पहिल्या नंबरावर होती. मग १८ वर्षांनी हा पिक्चर. अँडी आपल्या मेबेरी गावात परत येतो, त्याला पुन्हा शेरीफ, म्हणजे निवडून आलेला पोलीसप्रमुख, व्हायचंय, आणि बघतो तर काय, इलेक्शनला बार्नीच उभा! आता जिवाभावाच्या दोस्ताच्या विरोधात फॉर्म भरायचा का नाही, हा पेच ग्रामपंचायत बघितलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, पप्पा तर लगेच बाजू घेतील बघ. अँडीचा पोरगा छोटा ओपी आता बाप होणार असतो, आणि बार्नीचं त्याच्या जुन्या मैत्रिणीशी, थेल्मा लूशी, शेवटी एकदाचं लग्न लागतं, मी तर तेवढ्यासाठीसुद्धा बघितला असता. वय कुणी लपवलेलं नाही, तेच मला फार आवडलं.

गाव मात्र वेगळं दिसेल. गोष्ट नॉर्थ कॅरोलिनातली पण शूटिंग कॅलिफोर्नियात व्हायचं, तिथला जुना सेट सत्तरच्या दशकातच पाडला, म्हणून पिक्चर लॉस ऑलिव्होस नावाच्या गावात केला. तुमच्या वाईजवळचा मेणवलीचा घाट किती पिक्चरांत कुठलं कुठलं गाव झालाय हे तू लहानपणापासून बघतोयस, तुला काय सांगायचं.

आत्याचं सांगते. तिचं काम करणाऱ्या फ्रान्सिस बॅव्हियर यांची तब्येत बरी नव्हती म्हणून त्या नव्हत्या. गोष्टीत आत्या गेलेली दाखवलीय, अँडी तिच्या कबरीपाशी जातो आणि तिचा आवाज ऐकू येतो, तो दुसऱ्या बाईंनी दिलाय. प्रत्यक्षात बॅव्हियर तेव्हा हयात होत्या, १९८९ च्या डिसेंबरात गेल्या, आणि हे आठवलं की मला तो सीन बघवत नाही. तरी तिच्या जागी दुसरं कुणी आणून उभं केलं नाही हे बरं केलं. पप्पांना आधी सांगून ठेव, अचानक नको.

आणि आदल्या रात्री तो लोणच्याचा एपिसोड लाव, आत्याचं काकडीचं लोणचं कुणाच्या घशाखाली उतरत नाही म्हणून अँडी न बार्नी गुपचूप बरण्यांत दुकानातलं भरून ठेवतात तो.