निपाणीच्या पोराला, व्हिक्टोरियाहून

तू विचारलंस ते थोडक्यात असं: घर निपाणीचं, कारवारला मरीन बायॉलॉजीत एमएस्सी, दोन वर्षं गोव्यात एका सल्लागार कंपनीत नोकरी. आता छोट्या बेटांच्या देशांत 'ब्लू इकॉनॉमी'चं, म्हणजे समुद्र राखून त्यावर पोट चालवायचं, काम करायचंय, सेशेल्स मनात आहे, आणि घरचे म्हणतात त्यापेक्षा दुबई बघ. तू वयानं लहान, म्हणून अरेतुरे करतो. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या पुढचा. सेशेल्सच्या माहे बेटावर हे नववं वर्ष, राजधानी व्हिक्टोरिया याच बेटावर.

आधी आकार समजून घे. आपला खानापूर तालुका एकटा या अख्ख्या देशाच्या तिपटीहून मोठा आहे. ११५ बेटं मिळून जमीन साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. माणसं लाखभर, म्हणजे बेळगाव शहराचा पाचवा हिस्सा. आणि समुद्र? साडेतेरा लाख चौरस किलोमीटर. एवढं पाणी राखायला एवढीच माणसं. तुझी ब्लू इकॉनॉमी म्हणजे इथं रोज हीच ओढाताण.

'समुद्रासाठी काहीतरी करायचंय' असं तू लिहिलंयस. अर्जात ते वाक्य घालू नको. इथं येणारा जो तो तेच लिहितो. मला घेतलं ते मासे मोजता येतात म्हणून.

मोजणं म्हणजे काय, सांगतो. सकाळी बोट धक्क्याला लागते. बर्फातून बुर्झ्वा बाहेर येतो. हा आपल्या तांबोशीच्या जातीतला, लाल, अंगानं जाड. लाकडी पट्टीवर त्याला आडवा ठेवायचा, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी घ्यायची, वजन करायचं. कधी एखाद्याचं डोकं मागून घेऊन त्यातला कानाचा खडा काढायचा. नखाएवढा असतो. तो कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय. हा मासा सावकाश वाढतो आणि बरीच वर्षं जगतो, म्हणून थाळीतला तुकडा तुझ्याएवढ्या वयाचा असू शकतो. फार धरला तर भरून यायला फार वेळ लागतो. एवढं साधं गणित, पण ते मांडायला शेकडो माशांची लांबी लागते, आणि शिवाय मासा कुठं धरला हे कोळ्यानं खरं सांगावं लागतं.

तिथंच माझी गाडी अडली होती. पहिलं वर्षभर मी इंग्रजीत विचारायचो, "कुठं मिळाला?" उत्तर यायचं, "समुद्रात." सगळे हसायचे. इथं इंग्रजी, फ्रेंच आणि क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली इथली बोली) अशा तिन्ही भाषा सरकारी आहेत, पण धक्क्यावर आणि घरात क्रेओलच. मी "की मान्येर?" म्हणजे 'कसं काय?' इथपासून सुरुवात केली आणि दीड वर्षानं एका म्हाताऱ्यानं आपणहून नकाशावर बोट ठेवलं. आपण सीमाभागातली माणसं. घरात मराठी, तहसीलदार कचेरीत कन्नड, परीक्षेला इंग्रजी. दुसऱ्याच्या भाषेत उभं राहणं काय असतं ते आपल्याला शिकवावं लागत नाही. तरी मी वर्षभर इंग्रजी रेटत राहिलो, याची आता लाज वाटते.

पैशाची बाजू तुला कुणी कॉलेजात सांगितली नसेल. २००८ साली हा देश परदेशी कर्जाचं व्याज भरू शकला नाही. मग २०१६ मध्ये एक व्यवहार झाला. समज, तुझ्या वडिलांचं बँकेचं कर्ज एका संस्थेनं थोडं कमी करून घेऊन उचललं आणि सांगितलं, हप्ता आता आमच्याकडं भर, पण त्यातला काही भाग तुझ्याच विहिरीच्या दुरुस्तीला लागेल, आणि बांधाकडची जमीन पडीक ठेवायची. तसंच. सुमारे २.१६ कोटी डॉलरचं कर्ज असं फिरवलं आणि बदल्यात देशानं समुद्राचा ३० टक्के भाग राखायचं कबूल केलं. मार्च २०२० मध्ये ते पुरं झालं. मधे २०१८ साली दीड कोटी डॉलरचा 'ब्लू बाँड', म्हणजे समुद्राच्या कामासाठी काढलेला कर्जरोखा, आला, दहा वर्षांचा, देशपातळीवरचा जगातला पहिला. व्याज साडेसहा टक्के, पण जागतिक बँकेची हमी आणि एका पर्यावरण निधीचं सवलतीचं कर्ज जोडून देशाला तो २.८ टक्क्यांना पडला.

आता तुझ्या कामाचं बघ. नकाशावर ३० टक्के रंगवलं, पण त्यात कोण शिरलं हे उपग्रहाच्या ठिपक्यांवरून रोज कुणीतरी बघायला पाहिजे. बाँडच्या पैशातून कर्ज घेणाऱ्या कोळ्याचा धंदा चालतो का, हे कुणीतरी तपासायला पाहिजे. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे मांडणं येणारा, हिशेब तपासणारा, करार वाचू शकणारा वकील, यांना इथं मागणी आहे. प्रवाळावर डुबक्या मारून फोटो काढणारे पुष्कळ आहेत, ते बहुतेक स्वतःच्या खर्चानं येतात. तिकडं प्रशांत महासागरात आठ बेटदेशांनी मिळून तर मासे विकायचेच सोडले, दिवस विकतात. परदेशी जहाजानं त्यांच्या पाण्यात ट्यूना धरायचा तर दिवसाला किमान ८,००० डॉलर. ही अक्कल कुठल्या प्रयोगशाळेतून आली नाही, घासाघीस करणाऱ्यांकडून आली. तू गोव्यात ठेकेदारांशी भांडलायस ना? ते अर्जात लिही.

ट्यूनाचं राजकारण इथंही आहे. हिंद महासागराच्या ट्यूना आयोगाचं कार्यालय व्हिक्टोरियातच आहे आणि पिवळ्या पराच्या ट्यूनावरून वर्षानुवर्षं वाद चाललेत. देश पर्यटन आणि ट्यूना या दोनच पायांवर उभा. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा पर्यटनाचा पाय गेला आणि इथला रुपया धाडकन पडला. व्हय, यांचंही चलन रुपयाच. त्यांचा एक म्हणजे आपले साधारण सहा. पहिल्या पगाराला मी खूश झालो. घरभाडं दिल्यावर निम्मा गेला. तांदूळ, कांदा, सगळं जहाजानं येतं, त्यामुळं दुबईइतकी शिल्लक पडणार नाही. तुझ्या वडिलांचं तेवढं बरोबर आहे.

परवान्याबद्दल घाई करू नको. फिरायला म्हणून येऊन नोकरी शोधतो म्हणणारे परत जातात. कामाचा परवाना नोकरी देणाऱ्यानं काढायचा, आणि या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही हे त्यानं आधी दाखवायचं. परवाना त्या मालकाशीच बांधलेला. म्हणजे दोन-तीन वर्षांत तुझं काम इथल्या पोराला शिकवून मोकळं व्हायचं, असं धरूनच ये. मला ते पटतं. एक लाख लोकांच्या देशात आपणच खुर्ची अडवून बसलो तर त्यांच्या पोरांनी जायचं कुठं? मी अजून इथं आहे तो तिसऱ्या मालकाकडं, दर वेळी नवीन अर्ज करून.

कागदांत मात्र मी चार महिने घालवले, ते तू घालवू नको. माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्कशीटवर नाव आणि पुढं नुसती दोन इंग्रजी अक्षरं. पासपोर्टवर वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. जन्मदाखला कन्नडमध्ये, आणि भाषांतर करणाऱ्यानं आडनावाचं तिसरंच स्पेलिंग घातलं. एका कचेरीतल्या साहेबांनी तीनही कागद टेबलावर मांडून विचारलं, "यातला तू कुठला?" मग प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, बेंगळुरूच्या दोन फेऱ्या. सेशेल्सला अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा धरायचा सरकारी शिक्का, चालतं, पण ते बसायच्या आधी पदवीच्या कागदांची राज्याकडून पडताळणी लागते. हे सगळं नोकरीचं पत्र हातात यायच्या आधीच सुरू कर.

आपली माणसं कोण आहेत, असं विचारलंस. मराठी बोटावर मोजण्याइतकी. तमिळ आणि गुजराती पिढ्यान्‌पिढ्यांचे. व्हिक्टोरियात बाजाराजवळ विनायकाचं देऊळ आहे, तमिळ धाटणीचं, रंगीत गोपुराचं. चतुर्थीला मी जातो, मागं उभा राहून हळू आवाजात 'सुखकर्ता' म्हणतो. पुजारीबुवांना आता सवय झालीय.

तुझा बायोडेटा मला नको. गोव्याच्या कामातला तू स्वतः केलेला एक नकाशा किंवा आकड्यांचा तक्ता पाठव, चुका असतील तशाच ठेवून. तो बघून कुणाला दाखवायचा ते ठरवतो.